घरच्या जमाखर्चाची वही कोणती निवडावी?



घरात पैसा येतो तो सर्वांस दिसतो. जातो तो मात्र कोणासच दिसत नाही. उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरातील लहानथोरांस ती रक्कम तोंडपाठ असते. परंतु सहा महिन्यांनी ती कोठे गेली असे विचारले, तर कर्ता पुरुष आढ्याकडे पाहतो, गृहिणी बोटांवर मोजू लागते, आणि मोजता मोजता निम्म्या रकमेवरच थांबते. पैसा कोणी चोरलेला नसतो, कोणी उधळलेलाही नसतो. तो फक्त लिहिलेला नसतो.

अलीकडे ह्या जुन्या दुखण्यावर एक नवा उपाय पुढे आला आहे. मोबाईल बहुतेक घरांत पोहोचला आहे, आणि त्याच मोबाईलात घरचा हिशेब ठेवणारी ॲप्स ढिगाने मिळतात. कॉलेजात जाणारी मुले ती उतरवून घेतात, वडीलधाऱ्यांस दाखवितात, आणि मग "फादर, ह्यांतले कोणते चांगले?" असा प्रश्न पुष्कळदा कानी येतो. ह्याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. बैल विकत घेताना आपण आधी आपली जमीन कशी आहे, काम किती आहे ह्याचा विचार करतो, आणि मग बाजारात जाऊन त्याचे दात पाहतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. आधी आपला प्रपंच पाहावा, मग सॉफ्टवेअर पाहावे.

जुनी विद्या, नवे साधन

हिशेब लिहिणे ही काही नवी विद्या नव्हे. आपल्याकडील पेढ्यांवर आणि दुकानांत रोजकीर्द व खतावणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दिवसाचे व्यवहार घडतील त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहावयाचे, आणि तेच पुढे ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत मांडावयाचे, ही ती रीत. युरोपात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत ज्याने छापील ग्रंथात सविस्तर समजावून दिली, तो लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन संघाचा धर्मबंधू होता. त्याचा गणितावरील मोठा ग्रंथ १४९४ साली व्हेनिस येथे छापला गेला. ती पद्धत त्याने शोधून काढली नव्हती. व्यापारी ती आधीपासून वापरीत होते. परंतु जी गोष्ट पेढीवरच्या चार माणसांस ठाऊक होती, ती त्याने सर्वांच्या हाती दिली.

घरच्या हिशेबाचे श्रेय मात्र एका स्त्रीस दिले पाहिजे. जपानातील हानी मोतोको ह्या ख्रिस्ती पत्रकार बाईंनी १९०४ साली गृहिणींकरिता जमाखर्चाची छापील वही काढली. आधी अंदाज लिहावा आणि मग प्रत्यक्ष खर्च त्याच्या शेजारी मांडावा, अशी त्या वहीची शिकवण होती. आज मोबाईलातील ॲप्स 'बजेट' ह्या नावाने जे दाखवितात, त्याचे बीज ह्याहून निराळे नाही.

यंत्रे त्यानंतर आली. १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन ह्या दोघांनी 'व्हिजिकॅल्क' नावाचा तक्ता संगणकासाठी तयार केला. त्यात एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलत असे. पुढे १९८३ साली स्कॉट कुक व टॉम प्रू ह्यांनी अमेरिकेत 'इन्ट्युइट' ही कंपनी स्थापिली. घरची बिले व बँकेचा हिशेब जुळविताना पत्नीस होणारा त्रास पाहून कुक ह्यांस ही कल्पना सुचली, आणि तिच्यातून 'क्विकन' हे घरगुती हिशेबाचे सॉफ्टवेअर निघाले. म्हणजे ह्या साऱ्या उद्योगाच्या मुळाशी आपल्यासारखेच एक स्वयंपाकघरातील टेबल आणि त्यावर पसरलेली बिले होती.

हिशेबाच्या चार जाती

बाजारातील सॉफ्टवेअरची नावे अनेक असली तरी त्यांच्या जाती थोड्याच आहेत.

पहिली जात हाताने लिहावयाची. खर्च झाला की मोबाईल काढावा, रक्कम व कारण लिहावे, इतकेच काम. महिन्याअखेर कशावर किती गेले ह्याचे चित्र ते दाखविते. शिकण्यास सोपे, आणि रोख पैशास चालणारे. उणीव एकच: आपण लिहिले नाही तर तेही गप्प बसते.

दुसरी जात आपण होऊन लिहिणारी. बँकेकडून येणारे मेसेज वाचून असे ॲप खर्च टिपून घेते. हे ऐकावयास फार गोड वाटते. परंतु खेड्यातील घरात ते पांगळे पडते. आठवड्याच्या बाजारात भाजी, मासळी, मिरची ह्यांवर गेलेल्या रोख पैशाचा मेसेज येत नाही. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून लहान दुकानांतही मोबाईलने पैसे देता येतात हे खरे. पण मेसेज फक्त रक्कम सांगतो. त्या तीनशे रुपयांत तांदूळ होता की तंबाखू, हे त्यास ठाऊक नसते. शिवाय २०२२ साली आलेल्या 'यूपीआय लाइट'मध्ये पैसे भरल्याची एक नोंद पासबुकात उमटते, आणि त्यातून केलेले चहा-बिस्किटांसारखे लहान खर्च तेथे एकेक करून दिसत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी 'अकाउंट ॲग्रीगेटर' ही व्यवस्था २०२१ च्या सप्टेंबरापासून प्रत्यक्षात आली. तिच्यात आपल्या संमतीने एका बँकेची माहिती दुसरीकडे नेता येते. पण गावची भिशी आणि शेजाऱ्याकडून घेतलेले हातउसने तिच्यातही येत नाहीत. गावच्या प्रपंचात तर अर्धा व्यवहार हाच असतो!

तिसरी जात पाकिटांची. आपल्या आजीचे डबे आठवा. एका डब्यात शाळेचे, दुसऱ्यात दळणाचे, तिसऱ्यात सणाचे पैसे. आणि एका डब्यातील पैसा दुसऱ्या कामास काढावयाचा तर आजीस विचारावे लागे. आलेला प्रत्येक रुपया खर्च होण्यापूर्वीच कोणत्या तरी डब्यात घालावयाचा, हेच ह्या सॉफ्टवेअरचे तत्त्व. त्यांतील 'वायनॅब' हे अमेरिकन सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहे. परंतु २०२४ साली त्याची वर्षाची वर्गणी १०९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने नऊ हजार रुपयांच्या आसपास होती. तत्त्व घ्यावे, त्यासाठी नऊ हजार रुपये मोजण्याचे आपणांस कारण नाही. डबे वहीतही मांडता येतात.

चौथी जात पूर्ण खतावणीची, म्हणजे पाचोलीने सांगितलेल्या द्विनोंदी पद्धतीची. 'ग्नूकॅश' हे १९९८ सालापासून चालत आलेले सॉफ्टवेअर ह्या जातीचे असून ते विनामूल्य आहे. ते संगणकावर चालते, त्यास इंटरनेट लागत नाही, आणि हिशेबाची फाईल आपल्याच संगणकात राहते. 'केमायमनी' हेही तसेच विनामूल्य आहे. ही शिकण्यास थोडी कठीण. पण ज्या घरात शेती, दुकान, नोकरी आणि कर्ज हे सारे एकत्र नांदते, त्या घरास ह्यांचा फार उपयोग होतो.

ह्या चारही जातींबाहेर एक साधा मार्ग आहे, तो तक्त्याचा. 'लिबरऑफिस' विनामूल्य मिळते. त्यात तारीख, तपशील, जमा, खर्च आणि शिल्लक असे पाच रकाने पाडले की घरापुरती रोजकीर्द तयार झाली. मुलगा गोव्यात नोकरीस असेल आणि हिशेब दोन्ही ठिकाणी दिसावयास हवा असेल, तर 'गूगल शीट्स'मध्ये तोच तक्ता दोघांस उघडता येतो.

महिना नव्हे, वर्ष

आता आपली जमीन पाहू. ही बहुतेक सॉफ्टवेअर ज्यांनी घडविली ते पगारी लोक. त्यांच्याकडे पैसा महिन्याच्या महिन्यास येतो. म्हणून त्यांचे सारे गणित महिन्याचे. शेतकऱ्याचा पैसा वर्षातून दोनतीनदा येतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत किंमत मिळावी असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम असला, तरी हप्ता कधी कधी किती लांबतो हे ऊस घालणाऱ्यांस सांगावयास नको.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरास उसाचे वर्षाला १,८०,००० रुपये मिळतात, तेही दोन हप्त्यांत. दुधाचे महिन्याला ६,०००. आणि मुलगा दरमहा ८,००० पाठवितो. एकूण वर्षाचे झाले ३,४८,०००. घरखर्च महिन्याला १८,००० धरला तर वर्षाचा २,१६,०००. शेतीचा खर्च व कर्जफेड मिळून ७०,०००, मुलांच्या शाळा-कॉलेजाचे ३०,०००, सणवार व आहेर १५,०००. खर्चाची एकूण बेरीज ३,३१,०००. वर्षाअखेर शिल्लक उरते १७,००० रुपये.

ज्या महिन्यात उसाचा १,००,००० रुपयांचा पहिला हप्ता आला, त्या महिन्यात मोबाईलातील ॲप काय दाखवील? जमा १,१४,०००, खर्च १८,०००, शिल्लक ९६,०००! हिरव्या अक्षरांत लिहिलेला तो आकडा पाहून घरातील तरुणास नवी मोटारसायकल सुचते, आणि कर्त्यास घराचा पुढला सोपा बांधावासा वाटतो. उरलेल्या बहुतेक महिन्यांत तेच ॲप चार हजारांची तूट दाखवून घाबरवील. दोन्ही चित्रे खोटी. खरे चित्र १७,००० रुपयांचे, आणि ते वर्षाची बेरीज केल्यावाचून दिसत नाही.

यास्तव सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: ह्यात वर्षाचा अंदाज मांडता येतो काय? नसेल तर ते शहरातील नोकरदारास उत्तम असेल, आपणांस नव्हे. आणि असलेच, तरी उसाचा हप्ता येताच तो डब्यांत वाटून टाकावा. वरील घराचे पाहा. दर महिन्याची चार हजारांची तूट भरून काढण्यास वर्षाला ४८,००० लागतात. शेती, शाळा आणि सण ह्यांस १,१५,०००. म्हणजे उसाच्या १,८०,००० पैकी १,६३,००० आधीच ठरलेले आहेत. जे उरले तेच आपले.

कर्ज म्हणजे जमा नव्हे

दुसरी गोष्ट कर्जाची. साध्या ॲपात जमा आणि खर्च असे दोनच रकाने असतात. सोने तारण ठेवून ५०,००० रुपये आणले आणि ते 'जमा' म्हणून लिहिले, की त्या महिन्यात घर श्रीमंत झालेले दिसते. ही कमाई नव्हे. हे उद्याचे देणे आज हाती आले आहे. उलट २,५०० रुपयांचा हप्ता भरला आणि तो सारा 'खर्च' म्हणून लिहिला, तर तेही बरोबर नाही. त्यातील समजा ७०० रुपये व्याज आहे. तेवढाच खरा खर्च. उरलेल्या १,८०० रुपयांनी आपले देणे कमी झाले आहे.

पाचोलीच्या पद्धतीचे मर्म येथे कळते. तीत प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहिला जातो: पैसा कोठून निघाला आणि कोठे गेला. बँकेतून २,००० रुपये काढून घरी आणले, तर तो खर्च होत नाही. बँकेतील पैसा घरच्या डब्यात आला, इतकेच. सोसायटीचे पीककर्ज, सोने तारण, भिशीची उचल आणि हातउसने ही चारही ज्या घरात आहेत, त्या घराने 'देणे' हे वेगळे खाते ठेवता येईल असेच साधन निवडावे. ते नसेल, तर वहीच्या शेवटच्या पानावर तरी प्रत्येक देण्याचा आकडा लिहावा आणि दर महिन्यास तो बदलावा. देणे वाढत आहे की घटत आहे, हे ज्या घरास ठाऊक असते, ते घर लग्नाच्या आमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी एकदा थांबून विचार करते.

आणि शेतीचा खर्च घरखर्चात मिसळू नये. खत, बियाणे, मजुरी ही शेतीच्या खात्यावर. तेल, साखर, औषध ही घराच्या खात्यावर. दोन्ही एकत्र लिहिली तर उसाने खरोखर काही दिले, की घरानेच उसास पोसले, हे कधीच कळावयाचे नाही.

फुकटाची किंमत

पुष्कळ ॲप्स फुकट मिळतात. येथे दोन प्रकार ओळखले पाहिजेत. ग्नूकॅशसारखे सॉफ्टवेअर जगभरातील स्वयंसेवकांनी घडविले आहे. ते आपल्याकडून काही मागत नाही. परंतु जे ॲप एखादी कंपनी पैसा गुंतवून तयार करते आणि तरी फुकट देते, तिचा खर्च कोठून तरी निघालाच पाहिजे. अमेरिकेतील 'मिंट' ह्या सॉफ्टवेअरची कथा बोधप्रद आहे. २००७ साली ते निघाले, फार लोकप्रिय झाले, आणि २००९ साली क्विकनवाल्या इन्ट्युइटनेच ते १७ कोटी डॉलरांस विकत घेतले. वापरणाऱ्यास ते फुकट होते. कमाई होत असे ती क्रेडिट कार्डे, कर्जे इत्यादींच्या शिफारशींतून. ज्याचा हिशेब दिसतो त्याची नड दिसते. आणि नड दिसली की तिला शोभेल असे कर्ज पुढे करता येते. अखेर २०२४ च्या मार्च महिन्यात मिंट बंद करण्यात आले, आणि वर्षानुवर्षे हिशेब ठेवलेल्या लोकांस त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेवेचा रस्ता दाखविण्यात आला.

पैसे मोजून घेतलेले साधनही अमर नसते. 'मायक्रोसॉफ्ट मनी' हे १९९१ पासूनचे सॉफ्टवेअर २००९ साली विकणे बंद झाले. आणि ती कंपनी काही लहान नव्हे. ह्यातून एकच धडा घ्यावयाचा: हिशेब बाहेर काढता आला पाहिजे. ॲपात 'एक्सपोर्ट' नावाचे बटण आहे काय, आणि ते दाबल्यावर एक्सेलची किंवा 'सीएसव्ही' नावाची साधी फाईल मिळते काय, हे पहिल्याच दिवशी करून पाहावे. ज्या कणगीस धान्य काढावयाचे दारच नाही, तीत धान्य भरू नये.

ह्याहून मोठे भय कर्ज देणाऱ्या ॲप्सचे. हिशेबाच्या ॲपाचे सोंग घेऊन, किंवा त्यातील जाहिरातीच्या वाटेने, ती तरुणांच्या मोबाईलात शिरतात. पाच हजार रुपये दहा मिनिटांत मिळतात. पण ॲप उतरविताना त्याने आपल्या ओळखीच्या सर्व लोकांचे नंबर आणि फोटो पाहण्याची परवानगी मागितलेली असते. पुढे हप्ता चुकला की मामा, शिक्षक, होणारी सासुरवाडी, सर्वांस फोन जातात. घराची अब्रू चव्हाट्यावर येते, आणि कोवळ्या मुलांस मरण बरे वाटू लागते. कर्ज देणाऱ्या ॲपांनी मोबाईलातील फायली, संपर्कयादी आणि कॉलची नोंद पाहू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या सप्टेंबरात बजावले आहे. म्हणून आई-वडिलांनी मुलांस आणि मुलांनी आई-वडिलांस हे सांगून ठेवावे: जे हिशेबाचे ॲप संपर्कयादी मागते, त्यास ती देऊ नये. हिशेबास मामाच्या नंबराची गरज नसते. यूपीआयचा पिन तर कोणत्याही हिशेबाच्या ॲपास द्यावयाचा नाही. तो पैसे देताना लागतो, घेताना नव्हे. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता १९३० ह्या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. आणि ज्या मुलाच्या हातून असे घडले, त्यास प्रथम जवळ घ्यावे. रागावणे मागाहूनही होईल.

निवडण्यापूर्वी

कोणतेही सॉफ्टवेअर उतरविण्यापूर्वी एक महिना साध्या वहीत लिहावे. ह्यामागे दोन हेतू आहेत. लिहिण्याची सवय लागते की नाही हे कळते. आणि आपल्या घरास कोणती खाती हवीत हेही कळते. खाती दहाबारांहून अधिक नसावीत. किराणा, दूध, भाजी व मासळी, शाळा, औषधपाणी, प्रवास व पेट्रोल, वीज, गॅस व रिचार्ज, कपडे, सण व आहेर, चर्चची वर्गणी व दानधर्म, कर्जाचे व्याज, आणि किरकोळ. ह्या 'किरकोळ'वर मात्र डोळा ठेवावा. एकूण खर्चाच्या दहाव्या भागाहून किरकोळ अधिक झाले, तर त्याच्या पोटात काही तरी लपले आहे असे समजावे. पुष्कळ घरांत ती संध्याकाळची बाटली असते. काही घरांत मोबाईलवरचा पैशाचा खेळ असतो.

महिना संपल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात. इंटरनेट नसताना ते ॲप चालते काय? देवनागरीत लिहिलेला तपशील नीट दिसतो काय? रोख, बँक आणि देणे ही वेगळी खाती ठेवता येतात काय? वर्षाचा अंदाज मांडता येतो काय? हिशेब बाहेर काढता येतो काय? नको त्या परवानग्या ते मागत नाही ना? मोबाईल पाण्यात पडला, तर हिशेबाची दुसरी प्रत कोठे आहे? आणि शेवटचा प्रश्न, जो कोणत्याही जाहिरातीत नसतो: घरात जी व्यक्ती प्रत्यक्ष खर्च करते, तिला ते वापरता येते काय? मुलाला आवडलेले ॲप आईस उघडता येत नसेल, तर त्यात आईचा खर्च कधीच उमटणार नाही. आणि घर चालते ते आईच्या हातून.

माझे मत विचाराल तर असे सांगेन. मजुरीवर किंवा लहान पगारावर चालणाऱ्या घरास हाताने लिहावयाचे साधे ॲप, नाहीतर दोनशे पानी वही पुरेशी आहे. शेती आणि कर्ज असलेल्या घराने तक्ता घ्यावा; बारावी शिकलेल्या मुलीस तो एका रविवारी दुपारी शिकता येतो. दुकान किंवा डेअरी असलेल्या घराने, संगणक असल्यास, ग्नूकॅशवर मेहनत घ्यावी. आपण होऊन मेसेज वाचणारे ॲप मात्र ज्याचा सारा पैसा बँकेतूनच फिरतो अशा शहरी नोकरदारास सोडावे.

वही कोणाच्या हाती?

सॉफ्टवेअर निवडले म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम तेथून सुरू होते. ज्या घरात एकट्या पुरुषाच्या मोबाईलात हिशेब असतो, त्या घरात तो हिशेब नसून गुपित असते. पती व पत्नी ह्या दोघांसही तो उघडता आला पाहिजे. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी जेवणानंतर, पंधरा मिनिटे दोघांनी मिळून तो पाहावा. ह्या बैठकीत एकमेकांची झडती घ्यावयाची नसते. "तू साडीवर इतके का घातलेस?" ह्या प्रश्नाने आरंभ केला, तर पुढल्या रविवारी साडी 'किराणा'त लिहिली जाईल. ज्या हिशेबात भीतीने खोटे लिहावे लागते, तो न लिहिलेला बरा. दोघांसही काही लहान रक्कम अशी असावी, की जिचा जाब कोणी विचारू नये. कर्नाटकात २०२३ साली 'गृहलक्ष्मी' योजना सुरू झाली आणि घरच्या कर्त्या स्त्रीच्या खात्यात दरमहा २,००० रुपये जमा होऊ लागले, तेव्हा पुष्कळ घरांत प्रथमच 'तिचे' असे एक खाते तयार झाले. ते घराच्या हिशेबात दिसावे. पण त्यावरचा तिचा हक्कही राहावा.

मुलांसही ह्या बैठकीस बसवावे. कॉलेजातील मुलास शुल्काचा आकडा ठाऊक असतो. तो भरण्यासाठी दुधाचे किती महिने लागले हे ठाऊक नसते. एकदा ते आकड्यांत पाहिले, की उपदेशाचे काम अर्धे होते.

आणि एक गोष्ट, जी सुखाच्या दिवसांत कोणी बोलत नाही. घरातील कर्ता माणूस अकस्मात जातो. अंत्यविधीस आलेले लोक परतण्यापूर्वीच कोणी तरी विधवेस हळूच सांगतो, "भाऊंकडून माझे वीस हजार येणे आहे." खरे की खोटे, तिला कसे कळावे? आणि भाऊंनी ज्यांस दिले होते, ते मात्र काही बोलत नाहीत. विमा होता की नव्हता, भिशीचे किती हप्ते भरले, सोने कोणत्या बँकेत आहे, हे सारे त्या माणसाच्या डोक्यात होते आणि त्याच्याबरोबरच मातीआड गेले. ह्यासाठी हिशेब कोणत्याही साधनात असो, वर्षातून दोनदा येणे व देणे, बँकेची खाती व त्यांवरील वारसाचे नाव, विम्याचे कागद आणि तारण ह्यांची यादी कागदावर उतरून घरच्या पेटीत ठेवावी. मोबाईल आणि हिशेब उघडण्याचा पासवर्डही एका बंद पाकिटात त्याच पेटीत असावा. दहा मिनिटांचे हे काम. पण त्यामुळे एखाद्या बाईस खोट्या सावकारासमोर मान खाली घालावी लागत नाही.

उद्या संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, घरातील एक जुनी वही शोधावी. तिच्या पहिल्या पानावर आजची शिल्लक लिहावी: डब्यात किती, बँकेत किती, आणि देणे किती. ॲप पुढल्या महिन्यात निवडता येईल.